मामांनी ठेवलेले एकवीस हजार

क्रेडिट कार्ड घेण्याआधी मी तीन महिने अभ्यास केला. एवढा अभ्यास मी बारावीलाही केला नव्हता. आणि त्या अभ्यासाचं मूळ कारण असं की मला फोनवर कोणाला 'नको' म्हणता येत नाही.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकेजिंग कंपनीच्या क्वालिटी विभागात मी काम करते. खोक्यांवर वजन ठेवून ती कधी दबतात ते बघणं, हे माझं काम. पगार सुरू झाल्यापासून रोज जेवणाच्या सुट्टीत कुठल्या ना कुठल्या बँकेच्या मुलीचा फोन यायचा. बाकीचे लोक फोन कट करतात. मला ते उद्धट वाटतं. म्हणून मी एका हातात पोळीचा घास धरून तिचं सगळं ऐकून घ्यायचे. पॉइंट्स, लाउंज, पेट्रोल, पहिल्या वर्षी फी माफ. शेवटी "विचार करून सांगते" म्हणायचे, आणि ती बिचारी दुसऱ्या दिवशी विचार झाला का ते विचारायला फोन करायची. दोन महिन्यांत त्यांचं सगळं भाषण मला पाठ झालं. मग मला खरंच उत्सुकता वाटायला लागली की एवढं फुकट वाटणाऱ्या या लोकांचं पोट कशावर चालतं.

मी एक वही केली. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे माझे आकडे इंग्रजीत असतात. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांतलं कुठलं कधी, हे मला आजही क्षणभर थांबून आठवावं लागतं. वहीत पाच कार्डं लिहिली आणि एकेकाला माझ्या आयुष्याशी ताडून पाहिलं. विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट नाश्ता. ओझरच्या विमानतळावर मी एकदाच गेले आहे, आत्याला सोडायला, तेही दारापर्यंत. पेट्रोलवर सूट. माझी स्कूटर महिन्याला सातशे रुपयांचं पेट्रोल पिते. हॉटेलांत दुप्पट पॉइंट्स. आमचं बाहेरचं खाणं म्हणजे रविवारची मिसळ, आणि आमच्या मिसळवाल्याच्या गल्ल्यावर सुट्टे पैसे नसतील तर तो पापड देतो.

उरलं एक साधं कार्ड. शंभर रुपये खर्च केले की चार पॉइंट, आणि एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. म्हणजे शंभराला एक रुपया. हे गणित सुटलं तेव्हा मला फार शांत वाटलं. एक रुपया मिळावा म्हणून नको असलेली शंभराची वस्तू घेणारा माणूस हुशार नसतो, एवढं कोणालाही कळतं. जी वस्तू तशीही घेणार होते तीच कार्डावर घ्यायची, त्याच संध्याकाळी तेवढे पैसे दुसऱ्या बचत खात्यात सरकवून ठेवायचे, आणि बिल आलं की ते पूर्ण भरायचं. ॲपमध्ये 'किमान रक्कम भरा' हे बटण मोठं आणि हिरवं असतं. पूर्ण रक्कम त्याच्या खाली बारीक अक्षरांत, लाजून उभी असल्यासारखी. मला ती बारीक अक्षरं लगेच जवळची वाटली.

अर्जही मी ऑनलाइन केला, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नव्हतं. बाबांना सांगितलं नाही. बाबा महापालिकेत कारकून आहेत आणि क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीला घातलेला इस्त्रीचा शर्ट, असं त्यांचं मत आहे. कार्ड मी कंपनीच्या ओळखपत्रामागे ठेवलं.

या कार्डाला एक आमिष होतं. पहिल्या तीन महिन्यांत दीड लाख खर्च केले तर सात हजारांचं व्हाउचर. मला त्या व्हाउचरचे कानावर बसणारे, बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन हवे होते. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मॅडम नाशिकरोडपासून सिन्नरपर्यंत स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. मी ऐकते. पण दोन महिन्यांत माझा खर्च झाला होता साडेअकरा हजार, त्यामुळे दीड लाख हा आकडा माझ्यासाठी नव्हताच. मी तो सोडून दिला होता.

आणि मग मामांनी बस्ता काढला.

मामा चांदवडला असतात. कांदा, द्राक्षं, शिवाय दोन ट्रक. त्यांचं बरं चाललंय. त्यांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या मामेभावाचं लग्न ठरलं होतं आणि दोन्हीकडची मंडळी लग्नाचे कपडे घ्यायला नाशिकला मेन रोडजवळच्या एका मोठ्या दुकानात जमली. ज्यांनी बस्ता पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पांढऱ्या गादीवर पंचवीस बायका, समोर साड्यांचा ढीग, आणि ढिगापलीकडे एक सेल्समन, ज्याला दर दोन मिनिटांनी कोणीतरी सांगतं की हाच रंग पण थोडा वेगळा दाखवा. नवरीचा शालू दीड तासात ठरला. नवरीच्या आत्याच्या मानाच्या साडीला अडीच तास लागले, कारण तिला काहीच नको होतं आणि ते तिला नीट निवडून नको होतं. मी कोपऱ्यात बसून दुकानानं दिलेलं कुल्फीचं तिसरं ताट पाहत होते.

बिल झालं एक लाख चौसष्ट हजार तीनशे. मामांनी मांडीवरची कापडी पिशवी उघडली.

तेव्हा मी बोलले. आजवर लग्नाकार्यात मला "बोल ना गं काहीतरी" असं म्हणणाऱ्या सगळ्या बायकांदेखत, मोठ्यानं.

"मामा, मी कार्डानं देऊ का? तुम्ही मला नंतर द्या."

मामांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढंसं कार्ड, एवढं मोठं बिल गिळंल का?"

मी आधी गल्ल्यावर विचारून घेतलं की कार्डाला वर दोन टक्के लावता का. लावत नव्हते. मामांना बरंच झालं, पिशवीतले पैसे मंडपवाल्याला आणि बँडवाल्याला द्यायला मोकळे राहिले. आईला सगळी कार्डं एटीएमचीच वाटतात, त्यामुळे तिनं नुसतं कौतुकानं बघितलं. यंत्रानं चिठ्ठी बाहेर काढली आणि मी, सात हजारांच्या आनंदात, लाजाळू माणसं जे वाक्य न विचारताच बोलतात ते बोलले.

"सावकाश द्या मामा. काही घाई नाही."

घाई होती. बिल भरायची शेवटची तारीख अठरा होती.

लग्न पाच तारखेला झालं. लग्नात मी काही बोलले नाही. नवरदेवाच्या बापाला हळद लागलेली असताना कोण पैसे मागतं? दहा तारखेला मामेभावाच्या फोनवरून एक लाख आले. अकराला त्रेचाळीस हजार तीनशे. दोन्ही मी आल्या आल्या कार्डावर भरले. मला वाटलं, बाराला उरलेले एकवीस हजार येतील. बाराला मामेभाऊ आणि वहिनी देवदर्शनाला गेल्याचे फोटो आले. मी त्याला मेसेज लिहिला: दादा, एकवीस हजार बाकी आहेत ना? पुसला. मग लिहिलं: दादा, मामांनी काही सांगितलं का? तोही पुसला. शेवटी मी फोटोंना अंगठा पाठवला.

स्वतःचे घालावेत तर त्या महिन्याचा पगार घागरा, पार्लर आणि नवरा-नवरीच्या आहेरात गेला होता. खात्यात सहा हजार होते. पुढचा पगार एक तारखेला. ठरलेल्या तारखेला पूर्ण रक्कम गेली नाही तर बँक खरेदीच्या दिवसापासून व्याज धरते, आणि पहिला जवळजवळ महिनाभर ते एक लाख चौसष्ट हजारांवर असतं. मी वहीत हिशेब मांडला. सहा हजारांच्या आसपास, त्यावर कर, आणि बाकी राहिली तर पुढच्या महिन्यात आणखी. व्हाउचर सात हजारांचं. म्हणजे पंचवीस बायकांसमोर तोंड उघडून मी कमावलं असतं साधारण एका मिसळीपुरतं. आणि एक तारखेला पगार झाला की तो आधी बँकेला, मग मला. त्यातून माणूस कसा अडकत जातो हे वहीच्या त्या पानावर मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

आईला सांगितलं. तिनं आधी मला क्रेडिट आणि एटीएम यांतला फरक दोनदा समजावून सांगायला लावला आणि मग म्हणाली की भाऊ देईल, न देण्यातला नाही तो. मी म्हटलं, पण कधी? त्यावर ती म्हणाली की माहेरी पैसे मागायचे नसतात, आणि तिच्या वतीनं तिच्या मुलीनं तर मुळीच नाही. बाबांना सांगू का, असं मी विचारलं नाही. ते तिनंच डोळ्यांनी विचारलं आणि आम्ही दोघींनी विषय बदलला.

रविवारी मी चांदवडला जायचं ठरवलं. कारण म्हणून लग्नातल्या लाडवांचा मोठा स्टीलचा डबा परत करायचा होता. तो मी घासून, पुसून पिशवीत घातला तर आईनं तो बाहेर काढला आणि त्यात शंकरपाळे भरले.

"रिकामा डबा देतात का कोणी?"

नाशिकच्या द्वारका चौकात मालेगावची बस मिळाली. डबा मांडीवर घेऊन मी पिंपळगावचा टोलनाका येईपर्यंत एकच वाक्य मनात घोळवत होते: मामा, ते कार्डाचं थोडं राहिलंय. 'थोडं' ठेवावं की काढावं, या विचारात वडनेरभैरवच्या फाट्यापर्यंत गेले. 'थोडं' काढलं तर उरलेलं वाक्य फार उघडं वाटत होतं.

मामांच्या घरासमोर कांदा साठवणीच्या चाळीत भरायचं काम चाललं होतं. बायका मोठा-बारीक निवडत बसल्या होत्या आणि मामी त्यांच्यात होती. मामा ओट्यावर एका पाहुण्याबरोबर चहा घेत होते. हे चांदवडच्या बाजारातले खत-बियाण्यांचे दुकानदार. मामांसकट सगळे त्यांना शेठ म्हणतात. मला वाटलं होतं मामा एकटे असतील. परक्या माणसासमोर पैशांचं बोलायचं म्हणजे वाक्यातलं 'थोडं' आता ठेवावंच लागणार होतं.

मामांनी डब्याचं झाकण उघडून दोन शंकरपाळे तोंडात टाकले, शेठजींना दिले, आईची, बाबांची, बसला गर्दी होती का याची चौकशी केली. मी सगळ्याची उत्तरं दिली. चहा आला. चहा संपला. शेठजी उठायची चिन्हं दिसेनात. परतीच्या बसची वेळ मला माहीत होती.

"मामा, ते कार्डाचं... एकवीस हजार राहिलेत."

"राहिले नाय, ठेवलेत," मामा समाधानानं म्हणाले.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, ठेवलेत म्हणजे? त्यावर मामांनी शेठजींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला समजावलं. या शेठजींकडे त्यांचं वीस वर्षांचं खातं आहे. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आली की हिशेब होतो, पण पूर्ण कधीच मिटवत नाहीत. पाच-दहा हजार मागे ठेवतात. खातं पुरं मिटवणारं गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या दुकानाची पायरी चढायला निघालेलं. शेठजींनी मान डोलावली. मागच्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकानं पै न पै चुकती केली, तेव्हा त्यांनी घरी जाऊन विचारलं होतं म्हणे, की माझं काय चुकलं.

"भाचीच्या नावावर बँकेशी पहिला मोठा व्यवहार," मामा म्हणाले, "तो काय तोडून टाकायचा? एकवीस ठेवले. शुभ आकडा हाय. तूच म्हणली ना, सावकाश द्या."

त्यांनी ते मुद्दाम, विचार करून, माझ्या मानासाठी केलं होतं. दुसऱ्या दिवशी बरोबर त्रेचाळीस हजार तीनशे का आले तेही मला तेव्हा कळलं. एकवीस मागे राहावेत म्हणून त्यांनी वजाबाकी करून पाठवले होते. मला हसू आलं, पण माझं काम आता आणखी अवघड झालं होतं. कारण आता विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यायची नव्हती. मान देणाऱ्याला सांगायचं होतं की मान नको.

आमच्या घरात कुठलीच गोष्ट शून्यावर आणत नाहीत. डबा रिकामा जात नाही, ताटात एक पोळी जास्त पडते, निघताना "जाते" म्हणायचं नसतं, "येते" म्हणायचं. आणि मी त्या घरातल्या मोठ्या माणसाला शून्य करा म्हणून सांगायला आले होते.

"मामा, बँक माणूस नाहीये," मी म्हणाले.

"मग कोण हाय?"

शेठजी हसले. पण मामांनी खरंच विचारलं होतं, म्हणून मी खरंच सांगायला लागले. तुमच्या शेठजींना थोडी बाकी म्हणजे ओळख वाटते. बँकेला ती कमाई वाटते. अठरा तारखेपर्यंत सगळं भरलं तर व्याज एक पैसा नाही. थोडं जरी मागे ठेवलं तर खरेदीच्या दिवसापासूनचं व्याज. आणि त्यानंतर मी दहा रुपयांचं पेन घेतलं तरी त्याच्यावर पहिल्या दिवसापासून. चाळीपाशी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. मामी उठून ओट्याजवळ आली होती. माझा आवाज कंपनीत खोकी तपासताना असतो तसा झाला होता, सपाट आणि न थांबणारा.

"व्याज किती?" शेठजींनी विचारलं. हा त्यांचा विषय होता.

"साडेतीन टक्के."

"वर्षाला?"

"महिन्याला."

शेठजींनी रिकामी कपबशी बाजूला सरकवली. मग मामांकडे वळून म्हणाले, "आम्ही दोन घेतो तर तुम्ही मला पाठीमागं सावकार म्हणता."

"पाठीमागं कुठं," मामी म्हणाली, "तोंडावर बी म्हणतात."

बायका हसल्या. शेठजींनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी मला बारकाईनं विचारलं की मग पंचेचाळीस-पन्नास दिवस बँक फुकट पैसे वापरू देते, वर तुला बक्षीस देते, यात तिचं निघतं कसं? मी सांगितलं की थोडं दुकानदाराकडून निघतं. बाकीचं, मागे ठेवणाऱ्यांकडून. माझ्यासारख्या पूर्ण भरणाऱ्यांचं बक्षीस तेच लोक भरतात. हे मी वहीत कधीच लिहिलं होतं, पण तोंडानं बोलले तेव्हा मला ते पहिल्यापेक्षा कमी आवडलं.

मामांनी शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, रागावले.

"मग आधी का नाय बोलली?"

"लाज वाटली."

"दुकानात पंचवीस बायांसमोर माझ्या पिशवीवर हात ठेवला तवा नाय वाटली?"

मामी म्हणाली की पोरीला कशाला बोलता, तुम्हीच शहाणपणा केला, आणि ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मामांनी तिथूनच ओरडून सांगितलं की पाचशेच्या नोटा आण, बारक्या नको. नोटा आल्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या, शेठजींना एकदा मोजायला दिल्या. मग खिसे चाचपले, मामीकडे हात केला, आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवून सगळं माझ्या हातात दिलं.

"एकवीस हजार एक. नुसता आकडा देत नसतात."

"मामा, बँकेला एकवीसच हवेत."

"तिला काय हवंय ते मी विचारलं का? सगळे भर. रुपया बी भर."

मी सांगितलं की मग माझं खातं मिटून वर बँकेकडेच माझा एक रुपया निघेल. शेठजींच्या लक्षात मामांच्या आधी आलं. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हणजे खातं मिटलं बी, आणि चालू बी राहिलं," मामा म्हणाले. "फक्त आता उधारी त्यांच्याकडं."

सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत सिन्नरमध्येच पैसे खात्यात भरले आणि जिन्यात उभं राहून ॲप उघडलं. आकडा टाकला तेव्हा त्यानं विचारलं की ही रक्कम देय रकमेपेक्षा जास्त आहे, नक्की भरायची? मी हो दाबलं. शिल्लक बाकीच्या जागी एक रुपया आला आणि त्याच्या आधी वजाचं चिन्ह.

तेव्हापासून बिल आलं की मी त्यात एक रुपया जास्त भरते. ॲप दर वेळी नक्की का विचारतं. मामांचा फोन येतो तेव्हा तब्येत, पाऊस, कांद्याचा भाव झाला की ते आवाज थोडा खाली आणून विचारतात, "बँकेनं रुपया दिला का?"

"नाही अजून."

"राहू दे," ते म्हणतात. "तगादा लावू नको. चालू राहू दे खातं."